मिशिगनचे फुटबॉल कोच : घरचे किती, बाहेरचे किती?

हुरॉनकाठचा (धागाकर्ता)

मिशिगन विद्यापीठाने फुटबॉल संघासाठी पुन्हा एकदा बाहेरचा माणूस आणला. डिसेंबर २०२५ पासून आमच्या ॲन आर्बरच्या (हेच विद्यापीठाचं गाव) मित्रमंडळीत जेवणानंतर हाच विषय निघतो. नाव काइल व्हिटिंगहॅम. यूटा विद्यापीठात २१ हंगाम मुख्य कोच. मिशिगनचा विद्यार्थी नाही, खेळाडू नाही, इथे कधी सहाय्यकही नव्हता. निम्मे लोक म्हणतात घरचा माणूस हवा होता, उरलेले म्हणतात घरच्यांनी काय दिवे लावले ते पाहिलंच की. (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लाथ कमी, धडक जास्त.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'मिशिगनला मिशिगनचाच माणूस हवा' ही इथली सर्वांत लाडकी समजूत आहे. आणि ज्यांच्या जिवावर मिशिगनचं नाव झालं ते तिघेही बाहेरून आलेले होते.

पहिला फील्डिंग योस्ट. जन्म वेस्ट व्हर्जिनियातला, पदवी तिथलीच, तीही वकिलीची. खेळाडू म्हणून त्याचा एक पराक्रम आजच्या नियमांत थेट बंदीच ओढवेल असा. १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ सलग ३६ सामने जिंकून बसलं होतं. त्यांच्याविरुद्धच्या सामन्याच्या अगदी तोंडावर हे महाशय लाफायेत कॉलेजचे 'विद्यार्थी' झाले, ६-४ ने सामना जिंकून दिला आणि काही दिवसांत आपल्या जुन्या विद्यापीठात परत हजर.

१९०० साली योस्ट कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डचा कोच होता. स्टॅनफर्डने ठरवलं की यापुढे कोच आपल्याच माजी विद्यार्थ्यांपैकी असेल. योस्ट बेकार झाला. तेव्हा मिशिगनचे क्रीडा संचालक चार्ल्स बेअर्ड यांनी त्याला बोलावून घेतलं. १९०१ च्या हंगामात मिशिगनने ११ सामने जिंकले. केलेले गुण ५५०, दिलेले गुण शून्य. त्यातला शेवटचा सामना १ जानेवारी १९०२ रोजी पासाडिनात झाला, तोच पहिला रोझ बोल, म्हणजे नववर्षाच्या सुमारास होणारा मोसमानंतरचा मानाचा सामना. समोर कोण? स्टॅनफर्ड. निकाल ४९-०. टचडाउनला तेव्हा पाचच गुण मिळायचे, हे धरून वाचा. आठ मिनिटं शिल्लक असताना स्टॅनफर्डच्या कर्णधारानेच 'पुरे आता' म्हणून सामना थांबवायला लावला. मिशिगनचे सुरुवातीचे ११ गडी शेवटपर्यंत खेळले, एकही बदली नाही. आयोजकांनी या एकतर्फी प्रकाराचा एवढा धसका घेतला की पुढचा फुटबॉल सामना तिथे थेट १९१६ मध्ये झाला. मधल्या काळात रथांच्या शर्यती!

'फक्त आपलाच माणूस' या नियमाची एवढी रोख किंमत दुसऱ्या कुणी मोजल्याचं मला तरी माहीत नाही.

दुसरा फ्रिट्झ क्रिसलर, १९३८ ते १९४७. शिकागोत तयार झालेला, मिनेसोटात कोच होता, मग प्रिन्स्टनमध्ये. मिशिगनच्या हेल्मेटवरचे ते पिवळे पंख, ज्यांचे टीशर्ट आपण पुण्याला भाच्यांसाठी घेऊन जातो, ते त्याने प्रिन्स्टनहून आणले. पास देणाऱ्याला आपला गडी लांबून ओळखू यावा हा हेतू. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला आर्मीच्या दांडग्या संघासमोर त्याने आक्रमणाला वेगळे गडी आणि बचावाला वेगळे गडी उतरवले. तोवर तेच अकरा दोन्हीकडे खेळायचे. तो सामना २८-७ ने गेला, पण आज सगळं जग तसंच खेळतं. १९४७ ला १० पैकी १० विजय, आणि रोझ बोलमध्ये पुन्हा ४९-०.

तिसरा बो शेमबेक्लर. जन्म ओहायोचा. कॉलेजात वुडी हेज या कोचच्या हाताखाली खेळला, पुढे ओहायो स्टेट या मिशिगनच्या कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठात त्याच हेजचा सहाय्यक. म्हणजे थेट शत्रूच्या वाड्यातला. १९६९ मध्ये २१ हजार डॉलर पगारावर आला आणि १९८९ पर्यंत राहिला. १९४ विजय, ४८ पराभव, ५ बरोबरी.

आता गंमत बघा. 'मिशिगन मॅन' हे बिरुद आज ज्या अर्थाने मिरवतात तो अर्थ रूढ केला या ओहायोकरानेच. १९८९ मध्ये तो क्रीडा संचालकही होता. बास्केटबॉलचा कोच बिल फ्रीडर मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर ॲरिझोना स्टेटची नोकरी पत्करून मोकळा झाला. बो म्हणाला, मिशिगनचा संघ मिशिगनचाच माणूस चालवेल, आणि फ्रीडरला स्पर्धेपूर्वीच घरी पाठवला. संघ दिला सहाय्यक स्टीव्ह फिशरच्या हाती, जो स्वतः इलिनॉयचा. फिशर अजिंक्यपद घेऊन आला.

तर मंडळी, व्हिटिंगहॅमवर खुशाल बोला. फक्त 'परंपरा' हा शब्द जरा जपून.

---

तिरपागडा

वाचतोय. ओहायो आणि मिशिगनचं भांडण फुटबॉलच्या आधीपासूनचं आहे हेही लिहायला हवं होतं. १८३५ साली टोलिडो गावावरून दोन्हीकडचे शिपाई हद्दीवर उभे होते. आपलं बेळगाव समजा, फक्त यांचा निकाल लागला. टोलिडो ओहायोला गेलं, मिशिगनला बदल्यात वरचं द्वीपकल्प मिळालं आणि तिथे पुढे तांबं-लोखंड सापडलं.

---

बकाय_भाऊ

कोलंबसहून, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावाहून, नमस्कार. लेख चांगला आहे, पण बोला ओहायोने घडवलं हे मान्य केल्याबद्दल आधी पावती द्या. तुमचा तिसरा देव आमच्याच कारखान्यातला. आणि बोनंतर आलेला गॅरी मोलर? आमचा १९६२ चा कर्णधार. तोही तुम्ही उचललात.

---

डेक्कनवरची

मला एक सांगा, कॉलेजच्या संघाच्या कोचवरून गावं भांडतात हे काय प्रकरण आहे? आमच्या वेळी कॉलेजच्या क्रिकेट संघाचा कोच म्हणजे पीटीचे सर. किटची चावी त्यांच्याकडे, एवढाच अधिकार.

---

हुरॉनकाठचा

@डेक्कनवरची ताई, मिशिगनच्या स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. ॲन आर्बर गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. घरच्या सामन्याच्या शनिवारी गाव स्टेडियमात जाऊन बसतं म्हटलं तरी चालेल. शेवटचा तो एक आकडा मुद्दाम ठेवलेला आहे. ती जादा खुर्ची क्रिसलरच्या नावाची, पण कुठली ते कुणालाच ठाऊक नाही.

हे स्टेडियमही योस्टचंच. १९२७ मध्ये ते ७२ हजारांसाठी बांधलं, पण पाया असा घातला की पुढे लाखावर माणसं बसवता यावीत. तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं.

कोचचं काम मैदानावर तीन तास दिसतं. उरलेलं वर्ष शाळकरी पोरांच्या घरी जाऊन आईबापांना पटवायचं, दहा सहाय्यक सांभाळायचे, देणगीदारांबरोबर जेवायचं. बऱ्याच राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत मोठा आकडा राज्यपालाचा नसतो, विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा असतो.

---

जुना_अभियंता

मी १९६९ च्या ऑगस्टमध्ये मास्टर्ससाठी ॲन आर्बरला आलो. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. २२ नोव्हेंबरला प्रयोगशाळेतल्या एका अमेरिकन मित्राने तिकीट दिलं. म्हणाला, हरणारच आहोत, पण बघून ठेव. ओहायो स्टेट तेव्हा सलग २२ सामने जिंकून आलेलं, आदल्या वर्षीचं राष्ट्रीय विजेतं. आदल्या वर्षी त्यांनी मिशिगनला ५०-१४ ने झोडपलं होतं. सामना खिशात असतानाही हेजने शेवटी दोन जादा गुणांसाठी प्रयत्न केला होता. तो राग गावात ताजा होता. बोने आठवडाभर सरावात जिथे तिथे ५० हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला होता म्हणे.

मला आठवतं ते असं. पहिला अर्धा भाग संपला तेव्हा २४-१२. मित्र फळ्याकडे बघून बोलेनासा झाला. दुसऱ्या अर्ध्या भागात कुणालाच एकही गुण मिळाला नाही. मी त्याला विचारत होतो, अरे काहीच होत नाहीये, कंटाळवाणं आहे का हे? त्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं, ते सामना संपेपर्यंत सोडलं नाही. बॅरी पिअर्सन नावाच्या पोराने त्या दिवशी समोरच्यांचे तीन पास मधल्या मध्ये पकडले. १,०३,५८८ माणसं होती. शेवटी सगळी मैदानात उतरली, आम्हीही.

या सामन्याबद्दल एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. बोच्या आधीचे कोच बम्प एलियट. ते मिशिगनचेच खेळाडू, क्रिसलरच्या १९४७ च्या संघातले. ५०-१४ च्या पराभवानंतर त्यांना कोचपदावरून बाजूला करून कार्यालयात बसवलं होतं. बोने जो संघ जिंकवला तो जवळजवळ सगळा एलियट यांनी गोळा केलेला. सामना संपल्यावर खेळाचा चेंडू बोने एलियट यांना दिला. पद गेल्यावरही त्यांनी नव्या माणसाच्या वाटेत कधी काटे पेरले नाहीत, उलट मदतच केली. बाहेरच्याला यश आलं त्यात घरच्याचा वाटा असतो, तो तुमच्या हिशेबात धरा.

---

हुरॉनकाठचा

@जुना_अभियंता काका, दंडवत. त्या दिवशी तिथे असलेला मराठी माणूस पहिल्यांदाच भेटतोय.

---

आकडेमोड्या

धागाकर्त्याने सोयीचे तीन निवडले. मी घरचे मांडतो.

हॅरी किपकी : १९२० च्या दशकातला मिशिगनचा गाजलेला खेळाडू. १९२९ ते १९३७ कोच. १९३० ते १९३३ सलग चार वर्षं बिग टेनचं (मिशिगन ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्याचं) विजेतेपद, १९३२ आणि १९३३ ला राष्ट्रीय. बेनी उस्टरबान : तीन वर्षं अखिल अमेरिकन संघात निवडलेला मिशिगनचा खेळाडू. क्रिसलरनंतर आला आणि पहिल्याच वर्षी, १९४८ मध्ये, ९ पैकी ९. जिम हार्बो : १९८३ ते १९८६ इथला क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा मुख्य गडी. २०२३ मध्ये १५ पैकी १५.

राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारे मिशिगनचे कोच सहा : योस्ट, किपकी, क्रिसलर, उस्टरबान, कार, हार्बो. सहापैकी तीन अस्सल घरचे. आणि तुमच्या बोच्या खात्यात? एकही नाही. रोझ बोलमध्ये १० पैकी २ विजय.

---

हुरॉनकाठचा

@आकडेमोड्या, आकडे बरोबर, वाचन अर्धवट. किपकीचं पुढे काय झालं? १९३४ ते १९३७ मध्ये १० विजय, २२ पराभव, मग हकालपट्टी. (नंतर हाच माणूस निवडून येऊन विद्यापीठाच्या नियामक मंडळावर बसला, ही त्यातली गंमत.) उस्टरबानला १९४८ चा संघ क्रिसलरने ताटात वाढून दिला होता. पुढची दहा वर्षं आलेख उतरताच. माणूस मात्र सोन्यासारखा, त्याबद्दल वाद नाही.

लॉइड कारचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. इथला पदवीधर नाही, पण १९८० पासून बोचा सहाय्यक. १९९७ चं अजिंक्यपद त्याचं, तेही नेब्रास्काबरोबर वाटून. पत्रकारांनी मिशिगनला पहिलं ठरवलं, कोच मंडळींनी नेब्रास्काला. मी त्याला 'घरजावई' या सदरात टाकतो. मिशिगनला सर्वांत जास्त हेच मानवतात.

---

रोखठोक

सगळं छान चाललंय, पण आरतीत दोन गोष्टी राहून गेल्या.

एक. योस्टच्या सबंध कोचपदाच्या काळात मिशिगनच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९३२ मध्ये विलिस वॉर्ड आला तो किपकीने भांडून घेतला म्हणून. २० ऑक्टोबर १९३४ ला जॉर्जिया टेकचा संघ ॲन आर्बरला आला. त्यांची अट होती, वॉर्ड मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही. योस्ट तेव्हा क्रीडा संचालक. वॉर्डला बसवलं. आपल्याच गावात, आपल्याच मैदानावर. संघातला त्याचा मित्र जेराल्ड फोर्ड, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, संघ सोडायला निघाला होता. वॉर्डने समजावल्यावर खेळला. मिशिगन ९-२ ने जिंकलं. त्या हंगामातला तो एकमेव विजय. घरच्या पोराला बाहेर बसवून मिळवलेला.

दोन. बोचा पुतळा आहे, त्याच्या नावाची इमारत आहे. पण संघाचा डॉक्टर रॉबर्ट अँडरसन याने कितीतरी वर्षं खेळाडूंवर आणि इतर विद्यार्थ्यांवर लैंगिक अत्याचार केले. आम्ही बोला सांगितलं होतं, असं अनेक माजी खेळाडूंनी सांगितलंय. त्यात बोचा दत्तक मुलगाही आहे. विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीच्या २०२१ च्या अहवालातही तशा साक्षी आहेत. बोच्या कुटुंबातल्या काहींनी ते नाकारलं. २०२२ मध्ये विद्यापीठाने हजारावर तक्रारदारांशी ४९ कोटी डॉलरची तडजोड केली. 'मिशिगन मॅन' म्हणताना हेही त्याच पानावर यायला हवं.

---

जुना_अभियंता

@रोखठोक, लिहिलंत ते बरं केलंत. १९६९ चा तो दिवस माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, पण २०२१ नंतर त्या पुतळ्यासमोर फोटो काढावासा वाटलेला नाही.

---

माझी_मेली_वर्षं

मी २००८ ते २०१० ॲन आर्बरला होते. कुणी रिच रॉड्रिगेझचं नावही काढलं नाही म्हणून मुद्दाम लॉगिन केलं.

बाहेरच्याला मिशिगन कसं वागवतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. रॉड्रिगेझ आला तो वेस्ट व्हर्जिनियाहून. जिथे योस्ट जन्मला त्याच मॅरियन काउंटीतला, दोघांची गावं काही मैलांच्या अंतरावर. योस्टने १९०१ मध्ये येऊन राज्य केलं, याला तीन वर्षांत हाकलला. पहिल्या वर्षी ३ विजय, ९ पराभव. १९६७ नंतर पहिल्यांदाच हरलेले सामने जास्त भरले. सलग ३३ वर्षं मोसमानंतरच्या बोल सामन्याला जाण्याची साखळी तुटली. ओहायो स्टेटशी तिन्ही वेळा हरला. एकूण १५-२२.

हे सगळं खरं. पण वातावरणही सांगते. आमच्या विभागातले एक प्राध्यापक सोमवारच्या तासाला त्याच्या उच्चारांची नक्कल करायचे. कारच्या काळात तयार झालेला संघ दणकट, हळू, ताकदीने रेटणारा, आणि हा माणूस वेगाने पळणाऱ्या पोरांचा खेळ घेऊन आला. ती पोरं मिळेपर्यंत कुणाला धीर नव्हता. डेनार्ड रॉबिन्सनला पळताना बघणं हा माझ्या तिथल्या दिवसांतला एकमेव फुकटचा आनंद होता (स्टुडंट तिकीट फुकट नव्हतं, ते सोडा). बचाव मात्र भयंकर. शेवटच्या सामन्यात मिसिसिपी स्टेटने ५२-१४ ने धुतलं आणि हा गेला.

मग 'घरचा' म्हणून ब्रॅडी होक आला. कारचा जुना सहाय्यक. टेबलावर हात आपटत 'हे मिशिगन आहे' म्हणाला आणि लोक विरघळले. पहिल्या वर्षी ११-२, ओहायो स्टेटवर ४०-३४ विजय. कुणाची पोरं होती ती? रॉड्रिगेझची. पुढे ८-५, ७-६, ५-७.

---

बकाय_भाऊ

@माझी_मेली_वर्षं ताई, तुमची ती वर्षं आमची सोन्याची.

पण विनोद सोडा. घरचा-बाहेरचा हा सगळा लांबचा वळसा आहे. फूटपट्टी एकच आहे, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारचा मिशिगन-ओहायो स्टेट सामना. आमच्याकडचा जॉन कूपर घ्या. १९८८ ते २०००, १११ विजय. मिशिगनविरुद्ध २ विजय, १० पराभव, १ बरोबरी. गेला. तो टेनेसीचा, म्हणून 'त्याला हे भांडण कळलंच नाही' असं आम्ही म्हणत बसलो. मग ओहायोचा जिम ट्रेसल आला आणि त्याने कारला सातपैकी सहा वेळा पाडलं. आता कार काय परका होता? त्याला काय भांडण कळत नव्हतं?

आणि हार्बो. वडील बोचे सहाय्यक, हा लहानपणी त्यांच्या सरावाला चेंडू उचलायचा. १९८६ मध्ये खेळाडू म्हणून जिंकण्याची जाहीर हमी देऊन कोलंबसला आला आणि खरोखर २६-२४ ने जिंकून गेला. त्याहून घरचा कोण? कोच म्हणून पहिली पाच वर्षं आमच्याविरुद्ध शून्य. २०१८ ला ६२ गुण खाल्ले, २०१९ ला ५६. तेव्हा याच 'घरच्या' माणसाचा पगार तुम्ही कापलात.

---

हुरॉनकाठचा

@बकाय_भाऊ, पगार कापला, पण माणूस ठेवला. माझ्या मते सगळ्या धाग्याचं मर्म इथे आहे. २०२० मध्ये ४ पैकी २... नव्हे, ६ पैकी २ सामने जिंकणारा बाहेरचा असता तर जानेवारीत सामान बांधून गेला असता. रॉड्रिगेझला तीन वर्षं मिळाली, हार्बोला सातवं वर्ष मिळालं. त्या सातव्या वर्षी ओहायो स्टेटला ४२-२७ ने हरवलं, पुढच्या वर्षी तुमच्या घरी ४५-२३, त्याच्या पुढच्या वर्षी ३०-२४. मग ८ जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टनवर ३४-१३ आणि अजिंक्यपद. घरचा असण्याचा फायदा डोक्यात नसतो, वेळेत असतो. जास्तीचे हप्ते मिळतात.

---

बकाय_भाऊ

आणि खुणा चोरायलाही जास्तीचा वेळ मिळतो.

---

आकडेमोड्या

आलं! मी वाटच बघत होतो.

---

हुरॉनकाठचा

यायलाच हवं होतं. जे झालं ते झालं. पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर माणसं पाठवून त्यांच्या कोचच्या खुणा टिपायच्या, हे नियमबाह्यच आहे. २०२३ च्या साखळीतल्या १२ पैकी ६ सामन्यांत हार्बो मैदानाबाहेर होता. तीन विद्यापीठाने बसवलेले, ते नवे खेळाडू मिळवण्याच्या वेगळ्या प्रकरणात, आणि तीन बिग टेनने, या प्रकरणात. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघटनेने कोट्यवधी डॉलरचा दंड लावला, हार्बोवर दहा वर्षांचं बंधन घातलं. अजिंक्यपद काढून घेतलं नाही. हार्बो त्याच्या कितीतरी आधी लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक संघाकडे गेला होता.

त्याच्या जागी शेरोन मूर. मिशिगन फुटबॉलचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी विलिस वॉर्डला ज्या विद्यापीठाने बसवलं तिथे. हार्बो बाहेर असताना ओहायो स्टेटला हरवणारा तोच, आणि २०२४ मध्ये कोलंबसला जाऊन १३-१० ने जिंकणाराही तोच, कुणी दमडीची पैज लावत नव्हतं तेव्हा. डिसेंबर २०२५ मध्ये कर्मचाऱ्याशी गैर संबंध ठेवल्याच्या कारणावरून विद्यापीठाने त्याला बडतर्फ केलं. त्यावर इथे चघळण्यासारखं काही नाही.

---

बकाय_भाऊ

१३-१० चं दुःख सांगू नका. पण लक्षात ठेवा, तो सामना हरूनही २०२४ च्या हंगामाचं राष्ट्रीय अजिंक्यपद आम्हीच घेतलं. तरी त्या रात्री आमच्या गल्लीत कोच रायन डेला हाकला म्हणून बोंब होती. फूटपट्टी कुठली, कळलं ना?

---

लेक_ॲन_आर्बरात

मुलगी तिथे दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे यंदा पहिल्यांदा हे सगळं वाचते आहे. मला एक कळत नाही. तुम्ही कोच घरचा की बाहेरचा यावर भांडताय, आणि खेळाडू तर दरवर्षी विद्यापीठं बदलतायत. लेक सांगते, गेल्या वर्षी आवडता असलेला गडी यंदा दुसऱ्याच रंगाच्या शर्टात. २०२५ पासून तर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देतात ना?

---

हुरॉनकाठचा

हो, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांचे मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. बोने पहिल्या वर्षी सरावाच्या जागी पाटी लावली होती, 'जे टिकतील ते विजेते होतील'. कितीतरी पोरं पळून गेली होती त्याच्या सरावाला कंटाळून. ती पाटी आजही मिरवतात. पण आता टिकायचं कशाला? बसायला लागलं की पोरगा पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत) नाव टाकतो आणि पुढच्या हंगामात दुसरीकडे. या काळात कोचला घराण्याचा इतिहास पाठ असून भागत नाही. जानेवारीत रिकाम्या झालेल्या जागा झटपट भरता यायला हव्यात. व्हिटिंगहॅमची यूटातली ख्याती आहे ती फारसं नाव नसलेली पोरं घेऊन समोरासमोर भिडणाऱ्या गड्यांची दणकट रेषा उभी करण्याची. मिशिगनला खेळायचाही तोच खेळ आहे. म्हणून मला हा माणूस रॉड्रिगेझसारखा उपरा वाटत नाही.

---

माझी_मेली_वर्षं

म्हणजे खेळ ओळखीचा असला की बाहेरचा चालतो, असंच ना? योस्ट, क्रिसलर यांनी येऊन इथला खेळ बदलला तेव्हा कुणी अडवलं नाही. रॉड्रिगेझला अडवलं, कारण मध्ये बोने वीस वर्षं एकाच पद्धतीची सवय लावली होती. तुमची 'परंपरा' १९६९ ला सुरू झाली आणि तिचं वय अजून साठही नाही.

---

हुरॉनकाठचा

सहमत. हे मूळ लेखात हवं होतं इतकं नेमकं आहे.

---

जुना_अभियंता

एक जोडतो. ज्यांची नावं कुणी घेत नाही असेही घरचे कोच होते. गुस्ताव फर्बर्ट, इथलाच खेळाडू. १८९८ ला १० पैकी १० सामने जिंकून पहिलं विभागीय विजेतेपद आणलं, आणि १९०० मध्ये कोचपद सोडून सोनं शोधायला क्लोंडाइकला गेला. पैसेवाला होऊन परत आला म्हणतात. नंतरच्या सगळ्यांपेक्षा सुखी तोच असावा.

---

तिरपागडा

क्लोंडाइकवर वेगळा धागा काढा काका!

---

बकाय_भाऊ

वुडी हेजवर मी काढतो. १९७८ च्या गेटर बोलमध्ये समोरच्या संघाच्या खेळाडूला ठोसा मारून नोकरी घालवणारा कोच आमचाच, त्यामुळे दोन्हीकडचं धुणं सारखंच निघेल. आणि २८ नोव्हेंबर २०२६ ला सामना कोलंबसला आहे. ॲन आर्बरकरांना जेवायचं निमंत्रण, निळे शर्ट बाहेर व्हरांड्यात काढून ठेवायचे.

---

हुरॉनकाठचा

येतो. शर्ट काढणार नाही. वहिनींना सांगा, मटण तिखट चालेल.